अण्णांच्या कपाळावरचं भस्म

बीड, मंगळवार, १२ जानेवारी १९९९

सिरसाळ्याच्या वारलेल्या अण्णांच्या जुन्या निगेटिव्हनं चार दिवस छळलं. स्कॅन केली की चेहरा निळा. मी गाल बघून रंग दुरुस्त करत बसलो. आज कपाळावरच्या भस्माकडे लक्ष गेलं, तेही निळं! भस्म कधी निळं असतं का? ते राखाडी होईस्तोवर रंग फिरवला, अन् चेहरा आपोआप जमला. हे आधी कसं सुचलं नाही? आता स्टुडिओत भस्माची डबीच ठेवतो, रंग जुळवायला प्रत्येक रोलचा पहिला फोटो त्या भस्माचा.

संध्याकाळी अण्णांचा मुलगा आईला घेऊन आला. "अण्णा एवढे काळे न्हवते. घरातल्या फोटूत गोरे हायत."

आई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "काळेच व्हते. तू बाप फोटूतच बघितलास."

घरातला तो फोटो मीच गोरा करून दिला होता.