व्हॅनमागची होडी

शनिवार, ४ ऑक्टोबर

होडी! डिसेंबरात नवऱ्याची दुबईतली नोकरी संपणार, बाडबिस्तरा गुंडाळून कायमचं दाभोळला जायचं ठरलेलं — आणि नूरुद्दीनने होडी आणली. (तोंडाने नवऱ्याचं नाव घेत नाही, वहीत घेते. अरे-तुरेही करते.) त्याच्या जबल अली बंदरातल्या कंपनीतला एक साहेब देश सोडून चाललाय, त्याची ही जुनी होडी, ट्रेलरवर चढवलेली. आता म्हणे आपल्या सात सीटच्या व्हॅनला हुक बसवायचा आणि ओढत समुद्रावर न्यायची.

एमान म्हणते, “अम्मी, इट्स जस्ट अ बोट.” या पोरीला काय कळणार. घरी निघालेला माणूस गाडीला हुक लावतो का? याला जायचंच नाहीये. सांगायची हिंमत नाही, एवढंच.

सोमवार, ६ ऑक्टोबर

दिराने दाभोळच्या घराचा फोटो पाठवला. रंग झाला. खिडक्या हिरव्या, मी सांगितल्या तशा. नूरुद्दीनला दाखवला. “छान,” म्हणाला आणि मोबाइलवर ट्रेलरचे दिवे बघत बसला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, बदरुद्दीनच्या गॅरेजवर. मीही गेले. रुसले असले तरी त्या गाडीत बसायचं मलाच आहे.

बदरुद्दीनने आधी व्हॅन किती ओढू शकते ते पाहिलं, मग इंजिनासकट होडी आणि ट्रेलर काट्यावर घातले. बसतंय, पण व्हॅनमध्ये माणसं भरू नका म्हणाला. हुक बंपरला नाही, खाली चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला घट्ट केला. मागच्या स्प्रिंगा बदलल्या. ट्रेलरच्या दिव्यांची वायर ओढली. शिवाय दोन साखळ्या, हुकाखाली एकमेकींवरून तिरक्या — हुक निसटलाच तर ट्रेलरचा दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्यात अडकेल. मी दोन्ही ओढून पाहिल्या.

“भाभी, इन्शाल्ला कुछ नहीं होगा.”

इन्शाल्ला ठीकच आहे, म्हटलं, पण बोल्ट एकदा परत आवळा. आवळले बिचाऱ्याने. मला मात्र तिथेच रडू येत होतं. एकेक बोल्ट बसत होता आणि माझं दाभोळ लांब जात होतं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

मागच्या मोकळ्या मैदानात रिव्हर्सचा सराव. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो, सगळंच उलटं! एमान खांबाला भिडता भिडता राहिली. नूरुद्दीनने पहिल्या झटक्यात सरळ लावला. कसं जमलं, विचारलं. “होडीचं सुकाणूही असंच उलटं असतं,” म्हणाला.

शनिवार, १८ ऑक्टोबर

जीव वाचला.

एमिरेट्स रोडवर थोडा वेग घेतला आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. व्हॅनही त्याच्यासोबत. शेजारून ट्रक. मी कलमा पढायला लागले. नूरुद्दीनने ब्रेक दाबला नाही, हळूहळू वेग उतरू दिला आणि कडेला घेतली.

उतरून पाहिलं तर नांगर, पेट्रोलचे डबे, पाण्याचे कॅन, बर्फाची पेटी — सगळं होडीच्या मागच्या टोकाला रचलेलं! त्याचे अब्बा दाभोळचे तांडेल, होडीचे प्रमुख; त्यांची शिकवण: तोंड हलकं ठेवावं, म्हणजे होडी लाटेवर चढते. “लाट कुठे आहे इथे?” मी म्हटलं. दोघांनी मिळून सामान पुढे सरकवलं, हुकावर वजन बसलं. हळूहळू घरी आलो. ट्रेलर पुन्हा डुलला नाही.

शनिवार, २५ ऑक्टोबर

उम्म अल कुवैनची खाडी. पाणी शांत, फ्लेमिंगो लांब उभे.

होडी पाण्यात उतरली. इंजिनाचा दांडा धरायला नूरुद्दीनचा हात पुढे जाईना. मी काठावरून बघत होते. मग गेला. आधी वेडावाकडा, मग वळसा, मग सरळ रेघ. परत आला तेव्हा चेहरा भिजलेला होता. सगळं पाणी खाडीचं नव्हतं.

वाळूत बसल्यावर बोलला. “दाभोळच्या जेटीवर मी अजून तांडेलाचा मुलगा आहे, साजिदा. इतकी वर्षं कंटेनर हलवले. गेल्या गेल्या कुणी सुकाणू हातात दिलं आणि होडी आडवी गेली तर? इथे हसायला ओळखीचं कुणी नाही.”

म्हणजे हा जायचीच तयारी करत होता! आणि मी बया तीन आठवडे तोंड फुगवून बसले. त्याच्या हाताला तेलाचा वास होता. धरून ठेवला.

रविवार, २६ ऑक्टोबर

“तिकिटं काढू?” नूरुद्दीनने विचारलं. किती वर्षं या प्रश्नाची वाट पाहिली.

काढा, म्हटलं. पण त्याआधी मला सुकाणू शिकवा. तिथे बाईच्या हातात कोण देतंय!