येशू पाहून राहिला

प्रिय सुवार्ता,

काल तू अमरावतीहून फोनवर म्हणाली, "आई, पोरीचा बाप्तिस्मा करणार नाई. अन् तिच्यासमोर येशूचं नावही काढू नको." मी हो म्हटलं. तिच्यासाठी पांढरं झबलं शिवलं होतं, ते ट्रंकेत ठेवून दिलं. हे पत्रही त्याच्याचखाली ठेवीन. टाकायची हिंमत नाई.

तुले मी एकच गोष्ट शिकवली. दूध सांडलं, की म्हणायची, "येशू पाहून राहिला हं!" खोटं बोलली, की येशू पाहून राहिला. ताटात वांगं उरलं तरी तेच. तू घाबरून छताकडे पाहायची अन् मले हसू यायचं.

तू सात वर्षांची होती. बायबलातलं रविवारचं वचन पाठ झालं नाई म्हणून पप्पानं कमरेचा पट्टा काढला. तू माझ्याकडे तोंड करून ओरडली, "आई, आता येशू पाहून नाई राहिला का?"

मी तव्यावरची भाकर पलटवली.

त्याच संध्याकाळी आपण तिघं प्रार्थनेले बसलो. पप्पानं प्रार्थना केली, अन् सगळ्यात मोठ्यानं आमेन मी म्हटलं.

पप्पा जाऊन चार वर्षं झाली. अकोल्याच्या या घरात आता मी एकटीच प्रार्थनेले बसते. डोळे मिटले की तुझाच प्रश्न ऐकू येते.

येशूचं मले माहीत नाई, बेटा. मी पाहून राहिली होती.

तुझी,
आई