बिनरांगोळीची खोली

३ नोव्हेंबर
आजपासून मी एकटीची. औरादहून निघताना आईने डोळ्याला पदर लावला आणि मी बसमध्ये गालातल्या गालात हसत होते. सात माणसांच्या घरात उशीसुद्धा वाटून घेतलेली मी. आता कडगंचीजवळ, तुरीच्या रानाला लागून ओळीने बांधलेल्या खोल्यांतली शेवटची खोली माझी. एक खाट, एक खिडकी, कोपऱ्यात शेगडी, मोरी. ग्रंथालयातली नोकरी चालत जाण्याइतकी जवळ. खाटेवर ऐसपैस पसरून आईला फोन केला, म्हटलं, तुझी मंजुश्री आता राणी झाली.

५ नोव्हेंबर
मालकीणबाई दानम्मा, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, उजाडताच प्रत्येक दारात सडा टाकून रांगोळी काढतात. मी हात जोडले. थोरली म्हणून हे काम जन्मभर माझ्याच गळ्यात होतं, इथे तरी सुटका हवी. माझ्या दारात नको, म्हणाले. त्यावर अक्का म्हणाल्या, कामून नगं, एकट्या माणसाच्या दारात तर पायजेच, न्हाईतर आत माणूस हाय हे कळावं कसं. कुणाला कळायला हवंय, असं मी हसत विचारलं. त्यांनी रांगोळीचा डबा उचलला, म्हणाल्या, तुझी मर्जी. जुन्या माणसांचं काहीतरी असतंच.

९ नोव्हेंबर
दूधवाला गुंडप्पा माझं दार सोडून पुढे गेला. हाक मारली तर दचकला, म्हणाला, खोली रिकामी वाटली. शेजारच्या श्रीदेवीनेही (ती दवाखान्यात नर्स आहे) आज विचारलं, नवीन आलात का. परवाच आम्ही एका ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली होती. विसरभोळी माणसं, दुसरं काय.

१४ नोव्हेंबर
ग्रंथालयात माझ्या खुर्चीवर पुस्तकांचे गठ्ठे रचलेले. विचारलं, तर कुणी मान वर केली नाही. परत आले तर दाराला अक्कांचं कुलूप. त्या समोरच शेंगा सोलत होत्या. किती वेळ बोलले, तेव्हा कुठे त्यांची नजर माझ्यावर ठरली. व्हय की, म्हणाल्या, तू हायस न्हाई का. मला हसू आलं नाही.

१६ नोव्हेंबर
अक्का, चुकले, माझ्याही दारात काढा, म्हणत त्यांच्या मागे मागे फिरले. ऐकलंच नाही. शेवटी त्यांच्या डब्यातून मूठभर रांगोळी घेऊन स्वतःच काढली, आईने शिकवली तशी, ठिपके जोडून. अक्का झाडू घेऊन आल्या. श्रीदेवीला म्हणाल्या, रिकाम्या खोलीपुढं कोण काढायलंय हे. आणि झाडून टाकली. मी दारातच उभी होते. मला भीती वाटते.

१७ नोव्हेंबर
आईला फोन केला. घेऊन जा मला, म्हटलं. तिने विचारलं, कोण बोलायलंय. नाव सांगितलं. ती घरात विचारत होती, आपल्यात मंजुश्री कोण हाय. मग फोन ठेवला.
मला एकटीला राहायचं होतं. असं नव्हतं राहायचं.

१८ नोव्हेंबर
नवी मुलगी आली, रेणुका. अक्का तिला माझी खोली दाखवत होत्या — खाट, मोरी, खिडकी. मी खाटेवर बसूनच ओरडले. तिने तिची बॅग खाटेवर ठेवली, माझ्या मांडीवर. वजन लागलं नाही. वजनच —

१९, सकाळ
अक्कांनी तिला विचारलं, रांगोळी काढू का. ती म्हणाली, काढा की.
ठिपके टाकून झाले. आता रेघा —
मी उंबऱ्यात बसून लिहितेय, त्यांच्या अगदी समोर. अक्का, मी आहे, आत मीच आहे, म्हणतेय. आत्ता हात थांबला त्यांचा. बघताहेत माझ्याकडे, नीट. डोळ्यांत पाणी. पुटपुटल्या, सांगितलं होतं की गं बाई —
पुन्हा रेघ ओढायलाच लागल्या. एकच राहिलीय. ती जुळली की आत एकच माणूस, आणि ते मी ना —
आई, औरादला आपल्या दारात रोज मी