गोल खांबाचं मशीन

३ मार्च, मंगळवार

साहेबांनी मशीन घ्यायचं ठरवलं!

साहेब म्हणजे माझा मुलगा. बत्तीस वर्षं कारखान्यात नोकरी, त्यातली निम्मी सुपरवायझर म्हणून. दोन महिन्यांपूर्वी कारखान्याने हार घालून घरी पाठवला. घरी आला तरी चाल तीच. हात मागे बांधून खोल्याखोल्यांतून फिरतो आणि कुणाचं काय चुकतंय ते बघतो. काल मला भांडी विसळताना म्हणाला, "आई, पाण्याची धार बारीक ठेव." म्हटलं, बरं साहेब. त्याला वाटतं मी कौतुकाने म्हणते.

मशीन म्हणजे मिलिंग मशीन, गॅरेजात मावेल असं छोटं. खाली टेबलावर लोखंड आवळायचं, वर दातेरी कटर गरगरतो, हँडल फिरवून टेबल सरकवायचं – लोखंड सालपटासारखं निघतं. आमच्या ह्यांचा हाच धंदा होता. ह्याच गॅरेजात, सव्वीस वर्षं. हे गेले आणि महिन्याच्या आत साहेबांनी ते मशीन भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवलं. त्याला पंचवीस वर्षं झाली. तेव्हा मला विचारलं नव्हतं. आताही नाही. मला काय विचारायचं? मी चहा करणारी.

हे मी सांगते आणि नात लिहिते. मला अक्षरओळख नाही, आकडेही नाहीत. मोजता येतं, वाचता येत नाही. नातीकडून शपथ घेतलीय – सांगेन तेच लिहायचं, सुधारायचं नाही, बापाला दाखवायचं नाही. आत्ता विचारतेय, "आजी, हे पण लिहू?" लिही की! शाई काय तुझ्या बापाची आहे? – आहे म्हणे. बरं, तरी लिही.

५ मार्च, गुरुवार

दिवसभर नात आणि तिचा बाप मोबाइलवर मशिनं बघत बसले. वजन किती, उंची किती, मोटर केवढी. मुलगी बघायचा कार्यक्रम याहून लवकर उरकतो. मी मध्ये डोकावले तर साहेब म्हणाले, "आई, चहा."

६ मार्च, शुक्रवार

छापखानेवाले आले होते. ह्यांचं जुनं गिऱ्हाईक. ह्यांच्या वेळी ते कोवळे होते, आता काठी टेकत येतात. त्यांच्या जुन्या यंत्राचा एक धारक झिजलाय – तळहाताएवढा लोखंडी तुकडा, त्याला दोन भोकं. नवा हवाय. कुठे करून मिळत नाही. साहेब मशीन घेतायत हे ऐकून धावत आले.

"तुमच्या वडिलांनी केलेला आहे हा," ते म्हणाले. "चाळीस वर्षं टिकला. असा हात पुन्हा होणे नाही!"

साहेबांनी तो तुकडा दोन्ही हातांत घेतला. फुलासारखा. मग मला म्हणाला, "हात लावून बघ आई. कुठे कड टोचते का? बाबांची सफाई!"

लावला हात. नाही टोचली. प्रत्येक कडेवरून कानशीचे तीन हात मारलेले आहेत, म्हणून नाही टोचत. दोन मारले तर धार राहते, चार मारले तर कड बसते.

चहाचे कप उचलले आणि आत आले.

८ मार्च, रविवार

मी पण गेले मशीन बघायला! हट्टच धरला. साहेब म्हणाले, "तू तिथे येऊन काय करणार?" म्हटलं, तुझ्या बापाच्या धंद्याचं मशीन, मला पाया पडू दे. असं काही बोललं की त्याला नाही म्हणता येत नाही.

दुकानदार भला माणूस. "आजी, तुम्ही इथे पंख्याखाली बसा." बसले. पंख्याखाली बसवलं की म्हातारी माणसं झोपतात असा त्याचा हिशेब. ते दोघं एका निळ्या चकचकीत मशीनपाशी उभे राहिले. त्याला एक पाटी होती, तिच्यावर लाल आकडे पळत होते. दुकानदार सांगत होता, "साहेब, आता हँडलवरच्या रेघा मोजायची गरज नाही. पाटीवर वाचा आणि थांबा." साहेब खूश. आयुष्यभर वाचून सह्याच तर केल्या!

उठले. निळ्याचं हँडल धरलं आणि इकडेतिकडे हलवलं. पाव फेरा फिरलं तरी टेबल जागचं हलेना. आणि कटरचं डोकं ज्यावर वरखाली होतं तो खांब गोल! गोल खांबावरचं डोकं पुरुषासारखं असतं. जरा सैल सोडलं की मान भलतीकडे वळते. म्हणजे असं – छोट्या ड्रिलने खूण केली, मग लांब ड्रिल लावायला डोकं वर घेतलं, पुन्हा आवळलं, की ते केसभर डावीउजवीकडे गेलेलं असतं. डोळ्याला दिसत नाही. भोक पडल्यावर दिसतं.

कोपऱ्यात दुसरं एक उभं होतं. काळपट, बसकं, जड. पाटीबिटी काही नाही. खांब चौकोनी, डोकं खाचेतून सरळ वर, सरळ खाली. त्याचं हँडल फिरवलं... काय सांगू! बोट लावलं की टेबल निघतं, सोडलं की थांबतं. माझे हात आपणहून मोजायला लागले. चार फेरे पुढे. मागे यायचं तर खुणेच्या एक फेरा अलीकडे यायचं आणि मग पुढे जाऊन थांबायचं. खुणेवर नेहमी एकाच बाजूने यायचं, म्हणजे स्क्रूच्या आट्यांमधली ढिलाई आड येत नाही.

मोठ्याने म्हणाले, "निळं नको. ते मान फिरवतं. हे घे."

दुकानदार थबकला. "आजी, हे तुम्हाला कसं कळलं? आमच्या पोरांना कळत नाही."

मी तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आधीच साहेब हसून म्हणाले, "बाबांचं ऐकून ऐकून पाठ झालंय तिला."

पोपट! पंचवीस वर्षं पिंजऱ्यात आहे आणि अजून शिकवलेलं बोलते.

९ मार्च, सोमवार

आज नातीने पेन खाली ठेवलं. दोनदा. मी सांगितलं ते असं.

ह्यांचे हात थरथरायचे. दारू नव्हे, भीतीही नव्हे, कसला तरी आजारच. कप धरला तरी बशी वाजायची. त्यापायी कारखाना सुटला तेव्हा साहेब सात वर्षांचा होता. साठवलेलं होतं त्यात हे मशीन आणून बसले, आणि पहिल्याच दिवशी कटर मोडला, दुसऱ्या दिवशी दुसरा. तिसऱ्या दिवशी मी हँडल धरलं. हे मागे उभे राहून सांगत होते – हळू, हळू, आता थांब. महिन्याभरात त्यांना सांगावं लागेना. सहा महिन्यांत मी त्यांना सांगायला लागले.

मापं त्यांची, हे कबूल. सकाळी कागद बघून सांगायचे, इतके फेरे, इतके फेरे. नमुना असला तर तेही नको. नमुन्यावर मापपट्टीचा सरकता जबडा लावायचा, स्क्रू आवळून टाकायचा, आणि कामावर तोच जबडा अडतो का सरकतो ते बघायचं. आकडा कशाला वाचायचा? बोटाला कळतं.

मग हे पुढे ओट्यावर बसायचे, खिशात हात घालून. गिऱ्हाइकांशी बोलायचे. मी आत, दार बंद. कुणी आलं की मशीन बंद करायचं, हात रॉकेलने पुसायचे आणि चहा घेऊन बाहेर यायचं. एकदा कुणीतरी माझी काळी नखं बघितली. हे म्हणाले, "कढया घासते ना." सगळे हसले. मीही हसले. चांगला विनोद होता.

सव्वीस वर्षं! छापखानेवाल्यांचा तो धारक माझा. आणि खरं सांगू? ते बंद दार मला आवडायचं. आत एक दिवा, तेलाचा वास, आणि कुणी "अगं" म्हणून हाक मारणारं नाही. मला माहेर असं नव्हतंच. तेच माहेर.

नात म्हणाली, "बाबांना माहीत नाही?"

नाही. त्याचा बाप त्याच्यासाठी देव आहे. देवाचे हात थरथरतात हे कोण सांगणार?

१० मार्च, मंगळवार

नात चिडली. ह्यांच्यावर नाही – माझ्यावर! म्हणे, "गप्प का बसलीस? निदान आजोबा गेल्यावर तरी सांगायचंस."

घ्या. राबले मी, आणि वर दोषही माझाच.

१४ मार्च, शनिवार

निळं घेतलं.

सून आठवडाभर नोकरीच्या गावी असते, ती आज आली. तिने विचारलं, "आई काळं म्हणत होत्या ना?" साहेब म्हणाले, "काळं फार जड आहे, गॅरेजची फरशी खचेल." ह्याच फरशीवर आधीचं मशीन सव्वीस वर्षं उभं होतं! ते याच्या तिप्पट वजनाचं होतं. बोलले तसं. तर म्हणाला, "आई, तुला यातलं कळत नाही."

ताटावरून उठले नाही, एवढंच.

शिवाय गॅरेजवर लावायची पाटी रंगवायला टाकलीय. वर ह्यांचं नाव, खाली "हातांचा वारसा". नातीने वाचून दाखवलं तेव्हा तिचाच आवाज चिरकला. मी म्हटलं, हात किती ते विचार रंगाऱ्याला. दोन होते का चार?

१९ मार्च, गुरुवार

निळं आलं. चौघा हमालांनी आत नेलं. बापलेकांनी दिवसभर पुसलं. मला फडकं आणायला सांगितलं.

२२ मार्च, रविवार

साहेबांनी धारक करायला घेतला. मी दारात स्टूल टाकून लसूण सोलत बसले. लसूण सोलणारी म्हातारी कुणाला दिसत नाही.

बाहेरचा आकार बरा झाला. पाटीवर वाचायचा, थांबायचा, घाम पुसायचा. मग भोकं. छोट्या ड्रिलने खूण केली. मोठं ड्रिल लांब, म्हणून डोकं वर घेतलं. आवळलं. माझ्या हातातली पाकळी तशीच राहिली. ओरडावं असं वाटलं. नाही ओरडले. मला यातलं कळत नाही ना!

भोक हुकलं. दुसरा तुकडा घेतला, तेही हुकलं. तिसऱ्या तुकड्याला त्याने दात आवळले, डोळा लावून लावून बघितलं. हुकलं! पाटीवरचे आकडे मात्र बरोबर होते. एकदम बरोबर.

मनात म्हटलं, भोग. बरं वाटलं. हो, बरं वाटलं, लिही तसं.

मग तो स्टूल ओढून बसला, छापखानेवाल्यांचा जुना तुकडा मांडीवर घेऊन. अठ्ठावन्न वर्षांचा पोरगा! हळू म्हणाला, "बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी. माझ्या हातांत काहीच नाही."

माझं बरं वाटणं तिथेच संपलं. लसणाची टरफलं गोळा केली आणि आत आले.

२४ मार्च, मंगळवार

उद्या सांगणार. लिहून ठेव, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. आणि सांगून झाल्यावर म्हणणार – ऊठ, मला हँडल धरू दे. त्या मान फिरवणाऱ्यालाही मी सरळ करते.

२५ मार्च, बुधवार

सांगितलं.

त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "माहीत आहे, आई. आठ वर्षांचा होतो तेव्हापासून. शाळेतून यायचो तेव्हा बाबा ओट्यावर बसलेले असायचे आणि आत मशीन चालू असायचं. तेवढं कळतं पोराला."

मग म्हणाला, "काळंच चांगलं होतं. मी दुकानात तुझ्या हातांकडेच बघत होतो. पण ते आणलं असतं तर हँडल तू धरलं असतंस आणि मी पुन्हा बाहेर. याच्यावर आकडे आहेत. ते तुला वाचता येत नाहीत, म्हणून हे घेतलं. रोज दार वाजवायचो मी. बाबा म्हणायचे, येऊ दे गं त्याला आत, शिकेल. तू उघडलं नाहीस."

खरं आहे. कडी मी लावायचे. ह्यांनी कधीच नाही.