मैदानावर पडलेली सर

माळवस्ती, ता. पाटोदा
२० एप्रिल २०१३

दूध संघाचे चेअरमन श्री. मोहनराव साहेब यांना शिवकन्याचा नमस्कार.

आपण आणि घरची सगळी मंडळी सुखरूप असाल. नसायला काही कारण दिसत नाही. परवा तुमची गाडी फाट्यावरून गेली, काचा वर होत्या, म्हणजे थंडगार आहात. आमच्या दोन म्हशी छावणीत बांधल्या आहेत. टँकर आठ दिवसांनी येतो, कधी येतही नाही. बाकी सगळं ठीक म्हणायचं.

सटवा रोज सकाळी दुधाचे कॅन न्यायला येतो. त्याच्या हाती तुमची पत्रिका आणि स्मरणिका मिळाली. दूध संघाची फुटबॉल टीम ब गटातून अ गटात गेली त्याला पंचवीस वर्षं झाली, म्हणून जुन्या मैदानावर रौप्यमहोत्सव. पंचवीस वर्षं मागच्या वर्षीच पुरी झाली होती, साहेब. पण मागच्या वर्षी संघाची निवडणूक नव्हती, यंदा आहे. वरातीमागून घोडं, पण घोड्यावर बसणारा तयार आहे हे बघून बरं वाटलं.

स्मरणिकेतला तुमचा लेख मी दोनदा वाचला. मी अंगणवाडीत आहे, वाचायची-लिहायची सवय आहे, तेव्हा हे पत्र लांबेल. शेवटपर्यंत वाचा. तुमच्या भाषणाला आम्ही शेवटपर्यंत बसतोच की.

लेखात पानोपानी तुमचा फोटो आहे. दूध थंड करायच्या मशीनवर कोल्हापूरहून जो फिटर आला होता, ज्यानं आपल्या भागात पहिला फुटबॉल आणला आणि ज्वारीच्या रानातल्या पोरांना पायानं खेळायला शिकवलं, त्याचं नावसुद्धा नाही. आमच्या मालकांना गोलात त्यानंच उभं केलं. कडब्याची गंजी रचताना खालून फेकलेल्या पेंड्या हे वर उभे राहून एकामागून एक झेलत होते, ते त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "ह्यो गडी मला द्या." तुमच्या लेखात मात्र शहादेवला तुम्ही हेरलं. असू द्या. माणूस हेरणं तुम्हाला जमतंच.

पत्रिकेत आठवणी मागितल्या आहेत म्हणून सांगते. मी त्या वर्षी नवीनच लग्न होऊन आले होते. गावात बायका मैदानावर जात नसत, पण संघाच्या आवाराची भिंत मैदानाला लागून होती आणि आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई सरस्वतीबाई, पहिल्याच सामन्याला त्या भिंतीवर चढून बसल्या. खाली तुमचे वडील खुर्चीवर बसलेले. कुणीतरी म्हणालं, "अगं म्हातारे, उतर, चेअरमन बसलेत." आत्याबाई म्हणाल्या, "बसू दे की. त्येंचा ल्योक खेळतोय का? माझा खेळतोय." पुढच्या सामन्याला भिंतीवर बायकांची रांग होती. ऑफसाइड कुणाला कळत नव्हतं, पण पंच चुकला की सगळ्यांना कळायचं. पाटोद्याचा हलगीवाला फुकट यायचा. जिंकलं की गाड्या जुंपून पोरं गावातून फिरायची आणि आत्याबाई टीमला भाकरी आणि ठेचा बांधून द्यायच्या. मी आयुष्यात इतकी कधी ओरडले नाही. ते मैदान मला माहेरापेक्षा आवडत होतं, हे मी आज पहिल्यांदाच कुणाला सांगते आहे, आणि तेही तुम्हाला, याचं मला वाईट वाटतं.

आता तुमच्या लेखातली ती सर.

तुम्ही लिहिलंय, की सिरसाळ्याच्या टीमबरोबर अ गटात जायचा शेवटचा सामना होता, दुष्काळानं मैदानाची राख झालेली, पंचांनी आदल्या दिवशी बजावलं होतं की अशी धूळ उडाली तर सामना बीडला हलवू. आणि मग रात्री देवानं फक्त आपल्या मैदानावर एक सर पाठवली. सकाळी माती ओली, धूळ बसलेली, सामना घरच्याच मैदानावर झाला, शहादेवनं शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली. पुढं लिहिलंय, "कीपरची माउली भिंतीवर बसून पदर उडवत होती."

साहेब, हे लिहवलं कसं तुम्हाला?

गावातली माणसं भोळी, म्हणून ही सर प्रत्येक निवडणुकीत पडते. ज्या मैदानावर देवानं पाणी शिंपलं, त्या मैदानाचा मी सेवक, असं तुम्ही म्हणता आणि टाळ्या पडतात. मी टाळ्या न वाजवता बसते आणि घरी येऊन भांडी आपटते. यंदा पत्रिकेत छापलंय, "गोलकीपर शहादेव यांच्या मुखातून त्या सरीची कहाणी." आमचे मालक रोज ओसरीवर उभे राहून ती कहाणी घोकतात. जुनी हिरवी जर्सी धुऊन ठेवली आहे. पोट मावत नाही, तरी घालणार म्हणतात. शाल-श्रीफळाची त्यांना हाव नाही. आयुष्यात एकदा त्यांच्या हातून मोठं काम झालं, ते लोकांना सांगायला मिळतंय याचा आनंद आहे. तुम्ही त्यांच्या तोंडून काय वदवून घेताय हे त्यांना माहीत नाही.

कारण त्यांना खरंच वाटतं की पाऊस पडला होता.

टीम दोन दिवस संघाच्या गोडाऊनमध्ये मुक्कामाला होती. सकाळी उठून बघतात तर मैदान ओलं. तुम्ही सांगितलंत सर पडली, त्यांनी ऐकलं. इकडे वस्तीवर आम्ही हंडे-कळश्या रांगेत लावून टँकरची वाट बघत होतो. पाचव्या दिवशी आमची पाळी होती आणि टँकर आलाच नाही. तो रात्रीच तुमच्या हुकमानं मैदानावर रिकामा झाला होता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं, आणि वर देवाचं नाव घ्यायचं.

दुपारी आत्याबाई मला म्हणाल्या, "तू भिंतीपशी जाऊ नगंस, तुझे दिवस भरत आलेत. मी हिरीवरनं एक हंडा आनते. पोरगं जिंकून आलं तर त्येला आंगुळीला पानी नको का?" विहीर आटलेली होती. तळाला उतरून तांब्यानं खरवडून पाणी भरायचं. त्या आत उतरल्या आणि वर येताना पायरीवरून घसरून पडल्या. तिकडे तुमच्या मैदानावर हलगी वाजत होती, ती आम्हाला वस्तीवर ऐकू येत होती. म्हणजे भिंतीवर कुणीच पदर उडवत नव्हतं.

कंबरेचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी बीडच्या दवाखान्यात टँकरचा ड्रायव्हर त्रिंबक आला आणि खाटेच्या पायाशी बसून रडत त्यानं सगळं सांगितलं. त्याच्यामागून तुम्ही आलात. तुम्हाला वाटलं आता ही म्हातारी बोंब मारणार. तिनं काय केलं ते तुम्हाला आठवतं, मला आठवतं. तिसरा ऐकणारा त्रिंबक होता. ती म्हणाली, "सायब, त्येला म्हनावं पाऊसच पडलता. टँकर बंद पडला म्हनून मी हिरीवर गेलते. त्येला दुसरं काई कळलं तर त्यो परत त्या मैदानात पाय ठेवायचा न्हाई. लई चांगला खेळतोय वो." आणि मला गळ्याची आण घातली.

त्यानंतर त्या चालल्या नाहीत. खाटेवरून लेकाला म्हणायच्या, सांग की रे तुझ्या सामन्याचं. ते पावसापाशी आले की मान हलवायच्या. "व्हय बाबा, पडलता." मी चुलीपाशी बसून ऐकायची. त्या गेल्या तेव्हाही मी बोलले नाही.

ही सर तिनं तिच्या लेकाला दिली होती, मोहनराव. तुम्हाला दिली नव्हती. तुम्ही ती उचलली आणि मतं मागायला वापरली.

माझं मागणं एकच आहे. रविवारी २८ तारखेचा कार्यक्रम व्हायच्या आत आमच्या ओसरीवर या आणि त्यांना खरं काय ते तुमच्या तोंडानं सांगा. मला आण आहे, तुम्हाला कसली आण नाही. माइकवर उभं राहून मायच्या पाण्याला ते देवाची सर म्हणणार असतील, तर ते मला बघवणार नाही. नंतर कुणाकडून कळलं तर त्यांना स्वतःचीच किळस येईल. त्यांना मी ओळखते.

चहा मिळेल. पाण्याचं सांगता येत नाही.

कळावे,
सौ. शिवकन्या


माळवस्ती
२७ एप्रिल २०१३

मोहनराव,

तुम्ही आला नाहीत. टँकर पाठवलात.

गुरुवारी दुपारी आला, भरलेला, आमची पाळी नसताना. ड्रायव्हरनं खाली उतरून सांगितलं, "चेअरमन साहेबांनी शिवकन्याताईंच्या वस्तीला पाठवलाय." बायका घागरी घेऊन पळाल्या. मी कुणाला अडवलं नाही. माझ्या रागापायी लेकराबाळांना तहानलेलं ठेवू का? मीही हंडा लावला. माझ्या तोंडाला कुलूप लागावं म्हणून तुम्ही पाणी पाठवलं हे मला पहिल्या घागरीलाच कळलं, आणि तरी मी पाणी भरत राहिले. याबद्दल तुमचा मला इतका राग आहे की लिहिता येत नाही.

पण तुमची एक चूक झाली. माणसं हेरणारे तुम्ही, आणि टँकरवर पाठवला कुणाला, तर त्रिंबकला. तुमच्या लेखी ड्रायव्हर म्हणजे स्टेअरिंगचा भाग, त्याला मन असतं हे तुमच्या ध्यानातच आलं नसेल. आता म्हातारा झालाय, डोकं पांढरं. आमचे मालक पाइप धरायला पुढं झाले तर त्यानं त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "शहादेवा, घे बाबा. तवा तुमचं पानी मी मैदानावर वतलं. तुझी माय हिरीत पडली. त्या दिसापासनं ह्या वस्तीकडं गाडी वळवाया नको वाटतं."

माझी आण मी पाळली. तुमच्या टँकरनंच सगळं सांगितलं.

पाइप तसाच वाहत होता. कुणीतरी धावत येऊन कळशी लावली. हे तिथून निघून बाभळीखाली जाऊन बसले. बऱ्याच वेळानं मी गेले. मला विचारलं, "माय हंडा घेऊन गेलती का कळशी?" मी म्हटलं हंडा. "माझ्या आंगुळीसाठी?" मी म्हटलं हो. मग म्हणाले, "पेनल्टीला मी उजवीकडं झेप घेतली तवा कंबरेवर पडलो. कोरडी जमीन आसती तर माझं हाड मोडलं आसतं. ओली होती म्हनून वाचलो." एवढंच बोलले आणि तोंडावर टॉवेल घेतला. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं होत आली, त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. आत्याबाई गेल्या तेव्हाही ते रडले नव्हते.

संध्याकाळी माझ्यावर भडकले. "तुला ठाव हुतं? तू बी त्यांच्यातलीच का?" मी सांगितलं, मायची आण होती. म्हणाले, "तू कावून आण घेतली?" तेव्हापासून माझ्या हातचं जेवले नाहीत. शेजारी पंडितच्या घरी भाकरी खातात. हे मला फार लागतंय. तुम्हाला शिव्या देताना मला बळ येत होतं, आता ते येत नाही. याचाही हिशेब तुमच्याच नावावर, पण तो मी मागणार नाही. तुमच्याकडे द्यायला काही नाही.

काल सटवाकडून तुमचा निरोप आला, की शहादेवला बरं नसेल तर त्यानं कार्यक्रमाला येण्याची तसदी घेऊ नये, शाल घरपोच पाठवू. त्रिंबकनं तुम्हाला सांगितलेलं दिसतं. निरोप मी त्यांना दिला, एक शब्द न गाळता. ते ओसरीवर दाढी करत होते. म्हणाले, "त्येंना म्हनावं, मी येनार हाय."

ही चिठ्ठी सटवाच्याच हाती देते आहे. सकाळच्या दुधाबरोबर तुम्हाला मिळेल.

भाषण घोकणं त्यांनी गुरुवारपासून बंद केलंय. काय बोलणार ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. जर्सी घालणार नाहीत, पांढरा सदरा काढून ठेवलाय. मी येणार आहे, आणि वस्तीवरच्या सगळ्या बायका येणार आहेत. खुर्च्यांवर बसणार नाही. भिंत अजून उभी आहे, तिच्यावर बसू.

पत्रिका तुम्ही छापलीय, लोक तुम्ही जमवलेत, आणि आमच्या मालकांच्या हातात माइक तुम्हालाच द्यायचा आहे.

सरस्वतीबाईची सून,
शिवकन्या