परड्यातला खांब

खालची वाडी, ता. मालवण
बुधवार, ता. १७ एप्रिल १९६३

चि. गुरुदासभावजी यांस शेवंतीवहिनीचे आशीर्वाद.

आम्ही इकडे बऱ्या आहोत. तुम्ही मुंबईत सुखरूप असाल असं धरून चालते, कारण नऊ वर्षांत तुमचं एक अक्षर नाही. एरवी माझी पत्रं पोस्टमन लिहून देतो. हे मीच लिहिते आहे. शिक्षण दुसरीपर्यंतचं, तेव्हा वेलांट्या बघत बसू नका.

तांबडी गाय व्यायली, पाडी झाली. आंबा यंदा कमी, फणस रगड. आपल्या सुगंधाचं लग्न ठरलं, स्थळ कसालचं. त्याचं पुढे लिहिते.

तर घरामागच्या परड्यातला टेलिफोनचा खांब गेला. तार आता नव्या रस्त्याच्या कडेने न्यायची म्हणून सोमवारी खात्याची माणसं आली. लाइनमन खारेपाटणचा, सिराज नावाचा, सोबत पाच गडी. मी म्हटलं, "इतकी वर्सां बोंबलतंय, आज जाग इली तुमका?"

सिराज हसला. "काकी, तार सरकारची, मगे जाग पण सरकारीच."

पण गडी पहारीला हात लावीनात. जागा राखणदार देवाची, आधी नारळ ठेवून त्याला गाऱ्हाणं. गाऱ्हाणं घालायचं घरच्या पुरुषाने. आता घरात पुरुष कुठला? वाट बघत बसणं माझ्याने होत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. पदर खोचला, खांबाशी नारळ ठेवला आणि मीच उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा, राखणदारा! ह्यो खांब आज तुज्या जाग्यातसून काढतंव..."

"व्हय म्हाराजा!" गडी ओरडले. सिराजसुद्धा चपला काढून गप उभा.

"ह्या खांबान ह्या घरचो कर्तो पुरुस नेल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

भावजी, पाच माणसांचा तो एक आवाज परड्यात घुमला. तेच वाक्य नऊ वर्षं मी वाडीभर सांगत आले, कधी काही वाटलं नाही. आज राखणदारासमोर पाच जणांनी त्याला होकार दिला. भर दुपारी पायाखालची माती गार लागली. पुढचं गाऱ्हाणं तोंडातून येईना. शेवटी सत्यवान म्हणून एक गडी होता, त्याने पुरं केलं. त्यांना वाटलं, नवऱ्याच्या आठवणीने बाईला रडू आलं. रडत नव्हते. भ्याले होते.

मग सिराजने वर चढून तार सोडली. मला वाटलं, पडेल धप्पकन. कसली पडते! आधी जिवंत असल्यासारखी उसळली, माडांमधून सुंऽऽ करत गेली आणि कौलांवर वेटोळं घालून बसली. खांबातली गुणगुण थांबली. ती इतकी वर्षं कानात होती हे थांबल्यावर कळलं. आपलं परडं एवढं मोठं आहे? वर नुसतं आभाळ.

संध्याकाळी कोतवाल पक्षी आले, रोज त्या तारेवर बसणारे. तार होती त्याच उंचीवर पाय पुढे करून फडफडत राहिले. एक दमून गेला की दुसरा. मी चूल तशीच टाकून तोंड वासून बघत होते. हात आपोआप जोडले गेले. कोणाला, ते विचारू नका.

आता लिहिते. किती टाळणार?

तुमचे दादा गेले त्या दिवशी माडाचं चुडत, अख्खी झावळी, मोडून तारेवर अडकलं होतं. वाऱ्याने दोन दिवस कर्रकर्र, कर्रकर्र. तुमचे दादा म्हणाले, "पाडेली उद्या येतलो, तो चढान काढीत." मी म्हटलं, "उद्या? हय माजा डोक्या उठला. तुमच्या पायांत बळ नाय काय?" त्यांनी कोयती घेतली आणि चढले. पाऊस होऊन गेलेला, माड निसरडा.

तारेने त्यांना ढकललं नाही. तुम्ही खात्याच्या कागदावर सही करून खांब परड्यात घेतलात, एवढाच तुमचा संबंध. आणि बाराव्याला चार माणसांत मी तुम्हाला म्हटलं, "तुमच्या सहीन माजा कुकू पुसला." तुम्ही मान खाली घालून पिशवी उचललीत. खरं काय ते मला तेव्हाच ठाऊक होतं. तुम्ही व्हाळ ओलांडेपर्यंत हाक मारता आली असती. मारली नाही.

सुगंधाचं कन्यादान काकाच्या हातून व्हावं असं तिच्या मनात आहे, माझ्याही. नुसतं बोलावणं धाडलं असतं तर तुम्ही आला असता, वहिनीने माफ केलं असं समजून. माफ करणारी मी कोण? म्हणून आधी हे. वाचून यावंसं वाटलं तर लग्न वैशाख वद्य पंचमीचं आहे, दोन दिवस आधी या. नाही वाटलं तर पोरीला दोन ओळी लिहा. मला नकोत.

तिला आत्ताच हे सगळं वाचून दाखवलं. ती कळशी घेऊन विहिरीवर गेली. अजून आली नाही. पाकीट डकवते आणि बघायला जाते.

तुमच्या दादांना माडावर चढवणारी,
शेवंती