चाकाला दोरा कुणाचा

ता. ४ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी लेक शनिवारी गिऱ्हाइकासमोर पाना खाली ठेवून दुकानातून चालती झाली. स्वमग्न मुलांच्या तुमच्या त्या उपक्रमातल्या बाईंनी मला आधीच बजावलं होतं, की पोरीला काय येत नाही ते उगाळत बसू नका, जे येतं तिथून सुरुवात करा. केली. तिला तारा छेडून, कानानं ऐकून सायकलचं डुगडुगणारं चाक सरळ करता येतं, म्हणून तेच काम दिलं. भिंतीकडे तोंड करून बसू दिलं. आता गल्ल्यावर दोन शब्द बोल म्हटलं, तर एवढा राग? मी हे काम कुणाच्या उपक्रमात शिकलो नाही. जे येत नव्हतं तेच आधी शिकलो. नुसत्या कौतुकावर मेकॅनिक तयार होत नाही, हे बाईंना सांग आणि पोरीला सोमवारी पाठव.

लोभ आहेच, वाढवायची घाई नाही.
दादा

ता. ९ जून

ती. दादास,
शि. सा. न.

पाठवणार नाही. ती गल्ल्यामुळे उठली, हे तुझं तूच ठरवलंस. मी तिला विचारलं. जेवताना मध्येच तिनं सांगितलं, की निळ्या सायकलवाल्या मास्तरांना तू म्हणालास, चाक मीच सरळ केलंय. वर त्याला तुझा लाल दोरा बांधलास. तुझ्या तयार चाकाची ती खूण दुसऱ्या कुणी वापरली असती, तर तू त्याला गल्लीत उभं राहू दिलं नसतंस. तिचे शब्द असे: “मामा खोटं बोलले. चाक माझं होतं.”

बाई तिला समोरच्या दुकानात ठेवायचं म्हणतात. हो, तू ज्याला हातोड्या म्हणतोस, त्याच्याकडेच. त्यानं निदान विचारलं, पोरीला कुठे बसायला आवडेल.

वरचा नमस्कार तुझ्या वयाला आहे.
धाकटी

ता. १४ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

हातोड्या! तार तुटेपर्यंत आवळतो आणि दोष सायकलला देतो. मास्तरांनी पोरीकडे बघून आधीच नाक मुरडलं होतं, म्हणून तसं बोललो. धंद्यात बोलावं लागतं.

काल मास्तर चाकाची तारीफ करायला आले. पुरती ऐकून घेतली आणि सांगितलं, की हे भाचीचं काम. त्यांचा चेहरा पडला, पडू दे. दोरा मी कापून टाकला. आता ते चाक दोऱ्याशिवाय फिरतंय आणि मला ते बघवत नाही.

बाईंबद्दलचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही. पण लाल दोरा माझा आहे. तिला कोणता रंग हवा ते विचार. पिवळा ग्रीसनं काळा पडतो, हेही सांग. हातोड्याकडे दोऱ्याची पद्धतच नाही.

लोभाचं नंतर बघू.
दादा

ता. १८ जून

मामांस नमस्कार.

पिवळा. काळा पडला की बदलेन. गल्ल्यावर मी बसणार नाही, तुम्ही बसा. तिथे खोटं बोलू नका. सोमवारी येते.

आई म्हणते, शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं. असावा.

चिमी